बारवीला ‘गॉन’ की बारवीला ‘बीन’?

पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारनंतर अंबरनाथ-बदलापूरकडच्या ऑफिसांत एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘येस्टरडे आय हॅड गॉन टू बारवी डॅम.’ बोलणाऱ्याच्या मनातलं मराठी वाक्य अगदी स्वच्छ असतं, काल बारवी धरणावर गेलो होतो. ‘गेलो’ला ‘गॉन’ मिळालं, ‘होतो’ला ‘हॅड’ मिळालं, हिशेब जुळला. इंग्रजी ऐकणारा मात्र पुढच्या वाक्याची वाट बघत बसतो. ‘हॅड गॉन’ कानावर पडलं की त्याला वाटतं, हा गेला होता आणि तेवढ्यात दुसरं काहीतरी घडलं, आता ते सांगेल. बोलणारा तर चहा प्यायला निघून गेलेला असतो. इथे हवं होतं साधं ‘येस्टरडे आय वेंट टू बारवी डॅम’.

मग कुणीतरी त्याला सांगतं, ‘हॅड’ नको, ‘हॅव’ लाव. तो पुढच्या वेळी ‘येस्टरडे आय हॅव गॉन टू बारवी’ म्हणतो. ही चूक पहिलीपेक्षा मोठी.

गो, वेंट, गॉन ही तीन रूपं आपण शाळेत घोकलेली असतात. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे आज नोकरीच्या मुलाखतीला बसणाऱ्या मुलामुलींना रूपं येत नाहीत असं म्हणता येत नाही. रूप येतं, ते कुठे वापरायचं हे येत नाही. म्हणून या लेखात एकच क्रियापद घेऊ, ‘गो’, आणि त्याचा एकच काळ, म्हणजे हॅव किंवा हॅज लावून होणारा पूर्ण वर्तमानकाळ. इंग्रजीतल्या बहुतेक क्रियापदांना या काळात एकच रूप पुरतं. ‘गो’ला दोन लागतात, ‘गॉन’ आणि ‘बीन’. या दोघांत गोंधळ झाला की माणूस धरणावर आहे की घरी परतला, हेच ऐकणाऱ्याला कळत नाही.

समजा तुम्ही बदलापूरला मित्राच्या घरी गेलात. दार त्याच्या आईने उघडलं. त्या म्हणाल्या, ‘तो बारवीला गेलाय.’ म्हणजे तो आत्ता घरी नाही. मुळगावमार्गे मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुठेतरी असेल, नाहीतर पोचून भुट्टा खात असेल. इंग्रजीत हे झालं ‘ही हॅज गॉन टू बारवी’. आता समजा मित्रच दारात उभा आहे, बूट चिखलाने भरलेले, आणि आई म्हणतात, ‘बारवीला जाऊन आलाय, बघा अवतार.’ इथे ‘गॉन’ चालणारच नाही, कारण माणूस समोर आहे. इथे ‘ही हॅज बीन टू बारवी’. गेला आणि परतला, अशी पुरी फेरी झाली की ‘बीन’. फेरी अर्धीच झाली असेल, माणूस तिकडेच असेल, तर ‘गॉन’.

हा फरक आपल्याला अवघड वाटायचं खरं तर कारण नाही, कारण मराठी तो दिवसभर करत असते. ‘गेला आहे’ आणि ‘जाऊन आला आहे’ यांत कुणी गल्लत करत नाही. शिवाय आपल्याकडे तिसरं रूप आहे, ‘गेलेलो आहे’. ‘बारवीला मी गेलेलो आहे’ असं म्हणणारा माणूस कधीतरी तिथे गेला होता, ती जागा त्याने पाहिली आहे. केव्हा, ते तो सांगत नाही. हे ‘गेलेलो आहे’ही इंग्रजीत ‘बीन’च्याच घरात जातं: ‘आय हॅव बीन टू बारवी’. भाषांतर करताना मात्र आपण ‘जाऊन आलो’तलं ‘जाऊन’ ऐकतो, ‘गो’चं तिसरं रूप आठवतो आणि ‘गॉन’ लिहून मोकळे होतो. त्याऐवजी मनातल्या मराठी वाक्यात ‘जाऊन आलो’ किंवा ‘गेलेलो’ घालून बघावं. बसलं तर ‘बीन’.

‘बीन’ची आणखी एक गंमत आहे. आपण ‘पोस्टमन येऊन गेला का?’ असं विचारतो. इथे दिशा उलटी आहे, आधी येणं आणि मग जाणं. इंग्रजीला त्याचं काही नाही. ‘हॅज द पोस्टमन बीन?’ एवढंच, पुढे ‘टू’ही नाही. गॅसवाला, मीटरचं रीडिंग घेणारा, पाहुणे, सगळे येऊन गेले की ‘बीन’. फेरी कुठल्या टोकापासून सुरू झाली ते इंग्रजी बघत नाही, पुरी झाली का तेवढंच बघते.

प्रश्न विचारताना आपली चूक सर्वांत जास्त होते. नव्या ओळखीच्या माणसाला ‘हॅव यू गॉन टू बारवी?’ असं विचारणारे मी खूप ऐकले आहेत. समोर बसलेल्या माणसाला तो तिकडे गेलेला आहे का, असं कसं विचारणार? तो तर तुमच्यासमोर चहा पितोय. ‘हॅव यू एव्हर बीन टू बारवी?’ असं विचारावं. उत्तरात कधीच गेलो नसलो तर ‘आय हॅव नेव्हर बीन टू बारवी’, आणि जायचं मनात आहे पण जमलेलं नाही असं असेल तर ‘आय हॅव नॉट बीन टू बारवी येट’. ‘ही हॅज नॉट गॉन येट’ याचा अर्थ पार वेगळा, तो अजून निघालेलाच नाही, घरातच चपला शोधतोय.

याच कारणाने ‘मी’ आणि ‘आम्ही’बरोबर ‘गॉन’ फार क्वचित येतं. मी बोलतोय म्हणजे मी इथे आहे, मग ‘आय हॅव गॉन’ कुठून म्हणणार? दाराला चिठ्ठी लावताना मात्र ते अगदी बरोबर. ‘वी हॅव गॉन टू बारवी, द की इज विथ द नेबर्स’, कारण वाचणारा चिठ्ठी वाचेल तेव्हा लिहिणारे तिथे नसतील. व्हॉट्सॲपवर ऑफिसच्या ग्रुपला निघताना टाकलेला निरोपही असाच. धरणावर उभं राहून फोटोखाली ‘आय हॅव गॉन टू बारवी’ लिहिणं मात्र विचित्र. तिथे ‘ॲट बारवी’ पुरे.

दोन छोट्या खोडी इथेच उरकून घेऊ. ‘घरी गेला’ याचं ‘गॉन टू होम’ होत नाही, ‘ही हॅज गॉन होम’ म्हणतात. आणि पोहायला, मासे पकडायला, खरेदीला जाणं याला ‘गॉन स्विमिंग’, ‘गॉन फिशिंग’, ‘गॉन शॉपिंग’. तसं ‘ही हॅज गॉन स्विमिंग ॲट बारवी’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे आणि बाकी सगळ्या बाजूंनी चूक. त्या पाण्यात उतरू नये.

आता वेळेचा मुद्दा. वर म्हटलं ते ‘येस्टरडे आय हॅव गॉन’ ही इतकी मोठी चूक का? कारण हॅव आणि हॅज हे वर्तमानाचे शब्द आहेत. हा काळ आजपासून मागे बघतो. घटनेचा दिवस, साल, वार त्याला सोसत नाही. ‘केव्हा?’ या प्रश्नाचं उत्तर वाक्यातच दिलंत की हॅव-हॅज गळून पडलं पाहिजे. काल, गेल्या रविवारी, 2019 साली, शाळेत असताना, दोन दिवसांपूर्वी, यांतलं काहीही आलं की ‘वेंट’. मराठी याबाबतीत सैल आहे. ‘2019 साली मी तिथे गेलेलो आहे’ हे मराठीत कुणाला खटकत नाही, म्हणून इंग्रजीतही खटकत नाही.

अर्जात आणि बायोडेटात याची सर्वांत मोठी किंमत मोजावी लागते. ‘आय हॅव कम्प्लीटेड माय डिप्लोमा इन 2019’, ‘आय हॅव पास्ड एसएससी इन 2016’ ही वाक्यं मराठी मुलांच्या बायोडेटात इतकी पाहिली आहेत की कुणीतरी एकच नमुना सगळीकडे वाटला असावा अशी शंका येते. साल लिहायचं असेल तर ‘आय कम्प्लीटेड माय डिप्लोमा इन 2019’. साल सांगायचं नसेल, डिप्लोमा हातात आहे एवढंच सांगायचं असेल, तर ‘आय हॅव कम्प्लीटेड माय डिप्लोमा’. दोन्ही बरोबर, दोघांची खिचडी तेवढी नको.

अंबरनाथच्या शिवमंदिराच्या एका उदाहरणात दोन्ही काळ शेजारी उभे करता येतात. मंदिर 1060 साली बांधलं गेलं. साल आलं, म्हणून ‘इट वॉज बिल्ट इन 1060’. पण ते तेव्हापासून आजपर्यंत उभं आहे, म्हणून ‘इट हॅज स्टूड देअर फॉर मोअर दॅन नाइन हंड्रेड इयर्स’. बांधणं संपलं, उभं राहणं संपलेलं नाही.

संभाषणात हे दोन काळ एकामागून एक येतात आणि मुलाखतीला जाणाऱ्यांनी तो क्रम तोंडात बसवून घ्यावा. सुरुवात पूर्ण वर्तमानाने होते, तपशील साध्या भूतकाळात येतो. ‘हॅव यू एव्हर बीन टू बारवी?’ ‘येस, आय हॅव. आय वेंट लास्ट ऑगस्ट. द गेट्स वर ओपन.’ पहिल्या उत्तरानंतर पुन्हा ‘हॅव’ नाही, कारण आता आपण ऑगस्टमधल्या त्या दिवसात शिरलो. हीच चाल कामाच्या अनुभवालाही लागू पडते. ‘हॅव यू वर्क्ड ऑन अ सीएनसी मशीन?’ असं विचारलं तर ‘येस, आय हॅव’ आणि लगेच ‘आय वर्क्ड ऑन वन इन आनंदनगर फॉर टू इयर्स’, अर्थात ती नोकरी सोडलेली असेल तर. आजही तिथेच असाल तर ‘आय हॅव वर्क्ड’ किंवा ‘आय हॅव बीन वर्किंग’.

आतापर्यंत मराठीतला ‘आहे’ आपल्याला थोडीफार वाट दाखवत होता. आता तो फसवतो तो भाग. मराठीत ताजी बातमी सांगताना आपण ‘आहे’ लावतच नाही. फलाटावर धापा टाकत पोचलेला माणूस विचारतो, ‘कर्जत फास्ट गेली का?’ हा मराठीतला साधा भूतकाळ आहे, पण अर्थ आत्ताचा आहे: अजून मिळेल की नाही? इंग्रजीत ‘हॅज द कर्जत फास्ट गॉन?’ आणि उत्तर, दुर्दैवाने, ‘येस, इट हॅज जस्ट गॉन’. ‘पाऊस थांबला, चला’ म्हणजे ‘द रेन हॅज स्टॉप्ड’. ‘बारवी भरलं!’ म्हणजे ‘बारवी हॅज फिल्ड अप’. ‘बारवी हॅज गॉन फुल’ असं कुणी म्हणत नाही, तिथे ‘गो’ला जागाच नाही. म्हणजे शेपटीला ‘आहे’ आहे की नाही हे बघून चालत नाही. त्या घटनेने आत्ता काय बदललं, हे बघावं लागतं. गाडी गेली म्हणून मी फलाटावर अडकलो, धरण भरलं म्हणून पाणीकपातीची चिंता मिटली, तिथे हॅव-हॅज.

बातम्या लिहिणाऱ्यांसाठी एक बारकावा. बारवीला स्वयंचलित दरवाजे आहेत. पातळी 72.60 मीटरपर्यंत चढली की ते आपोआप उघडतात आणि पाणी नदीत, पुढे उल्हासमध्ये जातं. म्हणून बारवीच्या बाबतीत ‘द गेट्स हॅव ओपन्ड’ शोभतं. भातसासारख्या धरणाचे दरवाजे माणसं ठरवून उघडतात, तिथे ‘द गेट्स हॅव बीन ओपन्ड’. हे ‘बीन’ वेगळं, त्याचा ‘जाऊन येण्या’शी काही संबंध नाही, ‘उघडण्यात आले आहेत’मधल्या ‘आले’चं काम ते करतं. दोन्ही ‘बीन’ सारखीच दिसतात म्हणून गोंधळ होतो. पुढे ‘टू’ आणि जागेचं नाव असेल तर ते आपलं फेरीवालं ‘बीन’.

‘पाणी गेलं’ आणि ‘लाइट गेली’ ही आपल्या भागातली रोजची वाक्यं. यांना ‘गॉन’ चालतं, पण शेपूट लावून: ‘द वॉटर हॅज गॉन ऑफ’, ‘द पॉवर हॅज गॉन ऑफ’. पण शुक्रवारपासून पाणी नाही अशी लेखी तक्रार करायची असेल तर ‘गॉन’ मोडतं. जाणं एका क्षणात होतं. शुक्रवारपासून आजपर्यंत चाललेलं असतं ते नसणं. म्हणून ‘द वॉटर हॅज बीन ऑफ सिन्स फ्रायडे’, किंवा सरळ ‘वी हॅव नॉट हॅड वॉटर सिन्स फ्रायडे’. बारवीच्या पाण्यावर इथल्या औद्योगिक वसाहती आणि कितीतरी शहरी वस्त्या चालतात, त्यामुळे हे वाक्य ज्याला कारखान्यातून ईमेल लिहायचा आहे त्याने पाठच करावं. ‘वी आर नॉट गेटिंग वॉटर सिन्स फ्रायडे’ ही आपली घरगुती आवृत्ती आहे. वाचणाऱ्याला अर्थ कळतो, पण ती पत्रात नको.

माणसाच्या बाबतीतही तसंच. ‘तो दोन तासांपूर्वी गेला’ हे ‘ही वेंट टू अवर्स अगो’. ‘त्याला जाऊन दोन तास झाले’ हे ‘ही हॅज बीन गॉन फॉर टू अवर्स’. इथे ‘बीन’ आणि ‘गॉन’ दोघेही हजर असतात. जेव्हापासून ते सांगायचं तर ‘सिन्स’, किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’. मराठीत ‘दहा वर्षांपासून’ आणि ‘2015 पासून’ दोन्हींना ‘पासून’ चालतं, त्यामुळे ‘सिन्स टेन इयर्स’ जन्माला येतं. दहा वर्षं ही लांबी आहे, तिला ‘फॉर’. तसंच ‘आय हॅव बीन इन बदलापूर फॉर टेन इयर्स’ म्हणजे दहा वर्षं इथे राहतो, आणि ‘आय हॅव बीन टू बदलापूर टेन टाइम्स’ म्हणजे दहादा येऊन गेलो. ‘इन’ आणि ‘टू’ एवढ्यावर घर बदलतं.

एका ठिकाणी ‘गॉन’ जपून वापरावं. ‘आजोबा गेले’ याचं ‘माय ग्रँडफादर हॅज गॉन’ केलं तर ऐकणारा ‘कुठे?’ असं विचारेल आणि दोघेही ओशाळतील. ‘ही हॅज पास्ड अवे’ म्हणावं. गेल्या वर्षी गेले असतील तर ‘ही पास्ड अवे लास्ट इयर’. जवळच्यांत ‘ही इज गॉन’ चालतं, पण ते ऐकणाऱ्याला आधी माहीत असलेलं बरं.

जे परत येणार नाही त्याला मात्र ‘गॉन’ नेमकं बसतं. बारवीची उंची वाढवली तेव्हा तोंडली, मोहघर, काचकोली अशा गावांची जमीन आणि घरं जलाशयाखाली गेली, कुटुंबांना उठावं लागलं, पुनर्वसनाचा आणि नोकऱ्यांचा प्रश्न वर्षानुवर्षं चालला. ‘गावं पाण्याखाली गेली आहेत’ याचं इंग्रजी ‘द व्हिलेजेस हॅव गॉन अंडर वॉटर’. इथे ‘बीन’ घातलं तर पूर ओसरून गावं पुन्हा वर आली, असं वाटेल.

‘हॅड गॉन’ अगदीच टाकाऊ आहे का? नाही. दोन जुन्या घटनांपैकी आधीची कोणती हे सांगायला ते लागतं. ‘व्हेन वी रीच्ड बारवी, द क्राउड हॅड गॉन’, आम्ही पोचलो तोवर गर्दी पांगली होती. पोचणं नंतरचं, पांगणं आधीचं. दुसरी घटना नसेल तर ‘हॅड’ला हात लावू नये. मराठीतलं ‘गेलो होतो’ हे बहुतेक वेळा फक्त ‘गेलो आणि परतलो’ असं सांगत असतं, त्याला ‘वेंट’ पुरतं. माझ्या मते मराठी माणसाने एवढी एकच सवय सोडली तरी त्याचं इंग्रजी निम्म्याने सुधारेल.

कानासाठी दोन गोष्टी. बोलताना ‘ही हॅज गॉन’चं ‘हीज गॉन’ होतं आणि ते ‘ही इज गॉन’सारखंच ऐकू येतं, काळजी करू नये, संदर्भाने कळतं. ‘बीन’ही घाईत ऱ्हस्व होऊन ‘बिन’ होतं. आणि अमेरिकन मालिका बघणाऱ्यांना ‘डिड यू गो येट?’ असं ऐकू येईल, जिथे ब्रिटिश माणूस ‘हॅव यू बीन येट?’ म्हणेल. अमेरिकेत ते चालतं. आपल्या परीक्षा आणि बहुतेक ऑफिसं अजून ब्रिटिश वळणाची आहेत, तेव्हा पेपरात ‘हॅव’च लिहावं. ‘हॅज वेंट’ मात्र कुठल्याच परीक्षेत खपणार नाही, मालिकेत कितीही ऐकलं तरी.

आता थोडा सराव, उत्तरं लगेच खाली आहेत, झाकून बघा. ‘ती कोंडेश्वरला गेलीय, संध्याकाळी येईल.’ ‘आम्ही दोनदा बारवीला जाऊन आलोय.’ ‘गेल्या रविवारी आम्ही बारवीला गेलो होतो.’ ‘साहेब येऊन गेले का?’ ‘शेवटची बदलापूर गेली.’

पहिल्यात ती अजून तिकडेच आहे: ‘शी हॅज गॉन टू कोंडेश्वर, शी विल बी बॅक इन द ईव्हनिंग.’ दुसऱ्यात फेऱ्या पुऱ्या झाल्या: ‘वी हॅव बीन टू बारवी ट्वाइस.’ तिसऱ्यात वार आला, ‘होतो’ला भुलायचं नाही: ‘वी वेंट टू बारवी लास्ट संडे.’ चौथं: ‘हॅज द बॉस बीन?’ साहेब अजून आत बसलेले असतील तर हा प्रश्न हळू विचारावा. पाचवं तुम्ही फलाटावर उभे राहून म्हणत असाल तर ‘द लास्ट बदलापूर ट्रेन हॅज गॉन’, आणि दुसऱ्या दिवशी उशिराचं कारण सांगताना ‘द लास्ट ट्रेन हॅड गॉन व्हेन आय रीच्ड द स्टेशन’.